उजवा हातमोजा

लांब्या दोन डब्यांच्या मधे शिरला तसं आठबोट्यानं इंजिनाकडे तोंड केलं आणि लाल झेंडी छातीसमोर आडवी धरली. मागून साखळीचा खणखणाट आला, मग कडी आकड्यात बसल्याचा जड आवाज, मग स्क्रू आवळताना लांब्याच्या तोंडून निघणारं नेहमीचं कण्हणं. इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून भुवया उडवल्या. झालं का? आठबोट्या हलला नाही. आवाज थांबले तरी हलला नाही. मागं खडीवर पावलं वाजली तरी हलला नाही. उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूला लांब्याचा पंजा थपकन पडला, तेव्हा कुठं त्यानं लाल झेंडी खाली घेऊन हिरवी वर केली.

"बाहेर," लांब्या म्हणाला.

हे तोंडानं सांगायची खरं तर गरज नव्हती. यार्डातला नियम हाताचा होता. डोळे धुक्यात फसतात, कान इंजिनाच्या घरघरीत फसतात, आणि बाहेरच्या माणसानं तर ड्रायव्हरवरची नजर काढायचीच नसते. म्हणून आत गेलेल्याचा हात खांद्यावर पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हातही उजवाच, कारण डाव्या हातात स्क्रू आवळायची पहार असायची. कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम छापलेला नव्हता, पण नवा माणूस आला की त्याला आधी हे शिकवायचे आणि मग हजेरी कुठं लावायची ते.

यार्डात टोपणनाव पडायला वेळ लागत नाही. लांब्याला त्याच्या उंचीवरून पडलं, ते पहिल्याच दिवशी. आठबोट्याला मात्र आयुष्यभर दुसरंच नाव होतं. हे सहा वर्षांपूर्वी पडलं. त्या दिवशी आत तो होता आणि बाहेर लांब्या. उतारावरचा डबा ब्रेक सुटून आपसूक सरकायला लागला. इंजिन जागेवर, ड्रायव्हरला पत्ता नाही. लांब्यानं झेंडी फेकली आणि पोटावर पडून चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. डबा क्षणभर अडला, आठबोट्याला हात ओढून घेता आला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं आत राहिलं. दवाखान्यातून परत आला त्या दिवशी कोणीतरी ओरडलं, "आला रे आठबोट्या!" आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. आता तो स्वतःसुद्धा फोनवर "आठबोट्या बोलतोय" म्हणायचा.

सकाळच्या चहाला टपरीशी युनियनचा सेक्रेटरी त्यांची वाटच बघत होता. माणूस वाईट नव्हता. एके काळी त्यानंही खडी तुडवली होती. आता पोट सुटलं होतं आणि बगलेत कायम कागदांची पिशवी असायची.

"दादा, उद्याच्या सभेत दोन शब्द बोला," तो आठबोट्याला म्हणाला. "तुमच्या तोंडून गेलं की माणसं ऐकतात."

"मी कधी भाषण केलंय?"

"म्हणून तर ऐकतील."

आठबोट्यानं चहात बिस्कीट बुडवलं. ते जरा जास्तच वेळ बुडलं आणि तुटून तळाशी गेलं.

कंपनीशी होणाऱ्या नव्या करारावर उद्या मत होतं. त्यात कलमं ढीगभर होती, पण यार्डात चर्चा दोनच कलमांची चालली होती. एक तिसरं. आत्तापर्यंत निवृत्त झाला की माणसाचं दवाखान्याचं कार्ड बंद व्हायचं, त्याचंही आणि त्याच्या बायकोचंही. तिसरं कलम म्हणत होतं की जुन्या लोकांची कार्डं तहहयात चालू राहतील. दुसरं सातवं. सातवं म्हणत होतं की जोडी बंद. इंजिन चालवायचं यंत्र जोडणाऱ्याच्याच कमरेला बांधायचं; त्यानंच बटण दाबून इंजिन आणायचं, थांबवायचं, आत शिरायचं, जोडायचं, बाहेर यायचं. कोणाला काढणार नव्हते. ड्रायव्हरांना लांबच्या गाड्यांवर पाठवणार होते, आणि जोडीतले दोघं दोन वेगळ्या रुळांवर, ज्याचा त्याचा एकटा.

"सातवं काढा की मग," लांब्या म्हणाला. तो उभ्यानंच चहा पीत होता. "तिसरं ठेवा, सातवं काढा. आम्ही नाचत नाचत सही करू."

"ते हातात हात घालून आलंय रे बाबा. चार महिने भांडलो. दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा म्हणाले."

"कमरेचं यंत्र चाकाखाली ठोकळा घालायला येणार आहे का? तेवढं विचारलंत का त्यांना?"

सेक्रेटरीनं बगलेतली पिशवी सावरली. त्यानं आठबोट्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "वहिनींचं कसं चाललंय?"

"चाललंय."

"तुमचं पुढच्या वर्षी संपतंय ना?"

"हो."

एवढंच बोलून सेक्रेटरी गेला. आठबोट्याच्या मनात आलं, याला एक ठेवून द्यावी. राग कशाचा, तर तो खोटं बोलला नव्हता याचा.

लांब्यानं रिकामा कप टपरीच्या फळीवर पालथा घातला. "मी डावा हातमोजा टाकणार, नाहीचा. उघड सांगतो. वीस वर्षं काढायचीत मला इथं, एकट्यानं आत शिरायचं म्हणजे..." तुम्ही काय टाकणार, असं मात्र त्यानं विचारलं नाही. यार्डात ते कोणी कोणाला विचारत नसे. ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं.

घरी आठबोट्याची बायको खिडकीशी बसून त्याच्या नव्या डाव्या हातमोज्याला टाके घालत होती. कंपनीचे हातमोजे पाच बोटांचे यायचे. नवी जोडी आली की ती डाव्याची दोन रिकामी बोटं कापून तोंडं शिवून टाकायची, नाहीतर ती लोंबकळायची आणि कुठंतरी अडकायची. तिच्या दंडाला पट्टी होती. आज डायलिसिसचा दिवस होता. आठवड्यातून दोनदा तिला यंत्राला जोडायचे, आणि घरी आली की तिचा चेहरा धुवून वाळत घातलेल्या कापडासारखा दिसायचा. तोंड मात्र शाबूत असायचं.

"आलात? जेवण झाकून ठेवलंय. आज मी मस्त गार हवेत झोपून आले चार तास, तुम्ही बसा उन्हात गाड्या मोजत."

"कोण आलं होतं सोबत?"

"भाऊजी." लांब्याला ती भाऊजी म्हणायची. "दुपारची अर्धी रजा टाकली म्हणाले. लिफ्ट बंद, तर मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी म्हटलं, अहो भाऊजी, लग्नात तुमच्या दादांनीसुद्धा उचललं नव्हतं." ती हसली आणि मग हसताना दम लागला म्हणून थांबली. "पण आज माझ्याशी गप्पच होते. एरवी तोंडाला कुलूप नसतं. आज आपले त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत बसले."

"कुठली?"

"ती नाही का, तुमच्याच खात्यातल्या वजनकाट्यावाल्याची बायको. तो रिटायर झाला ना मागल्या वर्षी. आता ती दोनदाच्या ऐवजी एकदाच येते. परवडत नाही. पाय बघितलेत तिचे? असे सुजलेत." तिनं हातानं दाखवलं, मग तो हात पुन्हा हातमोज्यावर ठेवला. "चांगली बाई आहे हो. गाणी म्हणायची आधी यंत्र चालू असताना."

आठबोट्यानं ताटावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"उद्या मत आहे ना?" ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"मला कार्ड वाचता येतं, करार वाचता येत नाही होय? छापील कागद तुमच्या कोटाच्या खिशात सापडला. सातवं कलम पण वाचलं." तिनं दोरा दातानं तोडला. "एक सांगते. माझं नाव पुढं करून उजवा टाकायचा नाही."

"तुझं नाव कोण पुढं करतंय?"

"तुम्ही. गेले आठ दिवस करताय. झोपेत कुशी बदलताय त्यावरून कळतं मला." तिनं हातमोजा त्याच्या पुढ्यात टाकला. डावा. शिवलेली दोन बोटं ताठ उभी राहिली. "त्या माणसानं चाकाखाली हात घातला नसता, तर मला हा हातमोजा खांद्यापासून शिवावा लागला असता. त्याला तुम्ही एकटा आत पाठवणार?"

"मी एकटा थोडाच ठरवणार? एवढी माणसं आहेत."

"तेच म्हणते. एवढी माणसं आहेत, तुमचा एक उजवा नसला म्हणून काय बिघडतंय?"

आठबोट्याला या बोलण्यातली दुसरी बाजूही लगेच दिसली. एक उजवा असला म्हणूनही काय बिघडतंय!

"बरं म्हणा," ती म्हणाली.

"बरं."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग सुई डबीत ठेवली. तो जेवायला बसला. घास तोंडात फिरत राहिला. बायकोला कोणी असं मरू द्यायला सांगतं का? आणि ते सांगणारी बायकोच असली की माणसानं ऐकायचं की नाही? त्याला दोघांचाही राग आला, लांब्याचाही आणि तिचाही. दोघांनी मिळून त्याला चांगलं राहायला सांगितलं होतं, आणि ते काही त्याला झेपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा माल ठेवायच्या जुन्या शेडमधे भरली. पोती बाजूला सारून जागा केली होती. एका टोकाला लाकडी पेटी, तिच्या झाकणाला मूठ आत जाईल एवढं भोक.

या यार्डात मत हातमोज्यानं द्यायची पद्धत होती. फार पूर्वी, निम्म्यांना अक्षर येत नव्हतं तेव्हा सुरू झाली, आणि आता सगळ्यांना येत असूनही कोणी मोडली नव्हती. हो असेल तर उजवा हातमोजा पेटीत टाकायचा, नाही असेल तर डावा. दुसरा खिशात राहतो. मग पेटी टेबलावर पालथी करतात, दोन ढीग लावतात आणि मोजतात. एकच हातमोजा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मोजलेल्याच्या तळव्यावर निळ्या खडूची जाड रेघ ओढतात. आकडा सांगून झाला की एकेक जण टेबलापाशी जातो आणि आपला हातमोजा उचलून आणतो.

आता आपला हातमोजा कोण ओळखत नाही? आपलाच काय, शेजाऱ्याचाही. कोणाचा अंगठा ठिगळाचा, कोणाच्या मनगटाला लाल दोरा. म्हणून एक नियम होता. माणूस टेबलाकडे निघाला की बाकीच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करायची. मोजणाऱ्यांनीसुद्धा. हातमोजा घेऊन तो परत आपल्या जागी आला की खाकरायचं, मग पुढचा निघतो. आणि टेबलापाशी गेलेल्यानं फक्त आपला हातमोजा शोधायचा, बाकीच्यांचे बघायचे नाहीत. शेडमधून बाहेर पडल्यावर खडूची रेघ भिंतीवर, खांबावर, पँटीवर घासून टाकायची, आणि त्या दिवशी कोणी कोणाच्या हातांकडे बघायचं नाही. एरवी एकमेकांच्या आयाबहिणी काढणारी माणसं हा नियम मात्र निमूट पाळायची.

सेक्रेटरी बोलला. दोघंतिघं विरोधात बोलले. लांब्या बोलेल असं सगळ्यांना वाटत होतं; टपरीवर तो आठ दिवस तावातावानं बोलत होता. पण तो उठला नाही. पोत्यांच्या थप्पीला टेकून, लांबलचक पाय पसरून, बुटाच्या टोकाकडे बघत बसला. ठरवून झालेल्या माणसाला काय बोलायचं असतं, असं आठबोट्याला वाटलं. तो स्वतःही बोलला नाही. सेक्रेटरीनं दोनदा त्याच्याकडे आशेनं पाहिलं, तेव्हा त्यानं छताकडे पाहिलं.

रांग लागली. आठबोट्याच्या कोटाच्या डाव्या खिशात डावा होता, उजव्यात उजवा. पेटीजवळ येईपर्यंत त्यानं दोन्ही खिशांत हात घालून ठेवले होते. डावा सगळ्या यार्डाच्या ओळखीचा. दोन बोटं शिवलेला असा एकच हातमोजा होता. तो ढिगात पडला की मोजणाऱ्यांना कळणार, पाठ करा नाहीतर डोळे मिटा. उजवा मात्र बाकीच्या शंभरांसारखा, कुणाचाही असावा असा.

पेटीशी पोचल्यावर त्याला सुजलेले पाय आठवले. त्यानं बघितलेही नव्हते, बायकोनं हातानं दाखवले होते तेवढेच. पण त्या पायांच्या वर त्याला वजनकाट्यावाल्याच्या बायकोचा चेहरा दिसेना, दुसराच दिसला. त्यानं उजवा काढला, मुठीत चुरगळून लहान केला आणि भोकातून आत सोडला. आवाज झाला नाही. त्याला उगीच वाटलं होतं की होईल.

करार मंजूर झाला. फरक अगदी थोडा, एका पिशवीत मावतील एवढ्या हातमोज्यांचा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरीनं रुमालानं मान पुसली आणि "हातमोजे घ्या" म्हणाला.

आठबोट्याची पाळी आली तेव्हा शेडभर नुसत्या पाठी होत्या. मळक्या कोटांच्या, घामेजलेल्या सदऱ्यांच्या, एक सगळ्यांच्या वर डोकं काढणारी. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. उजव्या ढिगात आपला हातमोजा शोधताना त्यानं नजर अशी आखडून धरली की शेजारचा हातमोजा कापडाचा आहे की कातड्याचा हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. दुसऱ्यांचे हातमोजे बघायचे नाहीत हा नियम त्यानं त्या दिवशी जरा जास्तच पाळला. परत येऊन खाकरला. मग शेडमागच्या नळावर जाऊन उजव्याचा तळवा पाण्याखाली धरला आणि खडू निघून गेल्यावरही बराच वेळ चोळत राहिला.

संध्याकाळच्या पाळीचा भोंगा लगेच झाला. लांब्या शेवटच्या काही जणांत होता. तो पळतच रुळांवर आला, पळता पळता हातमोजे चढवत. आठबोट्या बत्तीची काच पुसत उभा होता. तो काचेकडेच बघत राहिला.

"किती डबे?" लांब्यानं विचारलं.

"लांबडी गाडी आहे. आठ वाजतील."

"चला."

काम सुरू झालं. लांब्या आत शिरायचा, आठबोट्या इंजिनाकडे तोंड करून लाल बत्ती धरायचा. साखळी, कडी, स्क्रू, कण्हणं. मग खांद्यावर थाप. मग हिरवी. असला विश्वास टाकायला याला दुसरा माणूस मिळू नये? तीन महिन्यांनी यंत्रं येतील. हा एकटा आत शिरेल, आणि बाहेर आल्यावर सांगायला कोणाचा खांदा नसेल. आत राहिला तरी कोणाला कळणार नाही. आणि ते मी केलं. एकट्यानं नाही केलं, पण मी केलं.

एकदा त्यानं सांगून टाकायचं ठरवलं. तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायव्हरनं शिट्टी मारली आणि शब्द गिळला गेला. पुन्हा धीर झाला नाही.

शेवटचा डबा जोडून झाल्यावर दोघं रुळाच्या कडेनं चालत निघाले. अंधार पडला होता. लांब्याचे दोन्ही हात खिशात होते.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, दादा," तो म्हणाला.

"कशाचं?"

"झालं त्याचं. वहिनींना म्हणावं, झालं ते बरंच झालं."

आठबोट्याचे कान तापले. टोमणा मारतोय, त्याला वाटलं. कळलंय याला. कसं कळलं? पाठीला डोळे आहेत का याच्या? आणि कळलं असलं तरी असं गोड बोलून मारावं?

"तुला काय बरं झालं?" तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "तुला वीस वर्षं काढायचीत."

"निघतील की," लांब्या म्हणाला. "कुणाला माहीत, तोवर ती यंत्रंच बिघडतील." तो हसला, आणि फाटकाशी आल्यावर नेहमीसारखा हात वर करून आपल्या वाटेला लागला. आठबोट्यानं त्याच्या पाठमोऱ्या लांबडेपणाकडे बघितलं आणि त्याला रडू येईल असं वाटलं. घरी जायचं होतं म्हणून तो घरी गेला.

बायको जागीच होती. त्याच्या हातातली पिशवी तिनं घेतली, हातमोजे काढून खिडकीच्या कठड्यावर मांडले. मग उजवा पुन्हा उचलला.

"हा ओला आहे."

"पडला पाण्यात."

"पाण्यात एकटा पडला? तळवाच तेवढा?" तिनं तो दिव्याखाली धरला. दिवसभराच्या काळ्या तेलकटात तळव्याचा एक पट्टा स्वच्छ झाला होता. डावा नेहमीसारखा, नखशिखांत मळका. शेडमधल्या पेटीची, खडूची, घासण्याची पद्धत तिला त्याच्याइतकीच माहीत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे हातमोजे धूत आली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि हातमोजा मांडीवर ठेवला.

"बरं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग?"

"तू गेल्यावर मी काय करू, हे मला सांग आधी." त्याचा आवाज फुटला. "तू मोठी शहाणी. मला काय करू ते सांगत नाहीस, नुसतं टाकू नको म्हणतेस. मला नाही जमत. तुझे पाय सुजलेले बघायला मला नाही जमणार. मी टाकला. उजवा टाकला. आता बोल काय बोलायचंय ते."

तिनं तोंडाला पदर लावला, मग काढला. म्हणाली, "भाऊजींना काय तोंड दाखवणार?"

"संध्याकाळभर दाखवलं की. त्याच्याबरोबरच होतो. प्रत्येक डब्याला थाप मारत होता खांद्यावर." तो खाली मान घालून कोटाची बटणं काढायला लागला. दोन बोटं गेलेल्या हाताला बटणं जमत नसत. ती उठली आणि सवयीनं मागं जाऊन तिनं कोट खांद्यावरून उतरवून घेतला. झटकायला म्हणून दिव्यापाशी नेला आणि तिथंच थांबली.

"अहो, हे निळं कशाचं लागलंय?"

"कुठं?"

"मागं. खांद्यावर."

तिनं कोट टेबलावर पसरला. उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूला, जिथं त्याचे स्वतःचे डोळे कधीच पोचले नसते तिथं, खडू बसला होता. एकावर एक, एकावर एक, किती डब्यांचा कोण जाणे. मधे तळव्याचा गडद पट्टा, वरच्या बाजूला चार लांबलचक बोटांचे पुसट ठसे, आणि डावीकडे बाहेर निघालेला अंगठा.

आठबोट्यानं आपला उजवा हात त्यावर नेला. अंगठा अंगठ्यावर आला. बोटं मात्र ठशांच्या निम्म्यातच संपली.

"भाऊजींचा?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"हा उजवा आहे," ती म्हणाली, आणि तिच्या हातून कोटाची बाही सुटली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "त्या बाईशी बोलत बसले होते. मला वाटलं, वेळ घालवतायत."

झालं ते बरंच झालं, वहिनींना म्हणावं. आठबोट्याला ते आता ऐकू आलं, फाटकाजवळ ऐकलं होतं त्याहून वेगळं. तो खुर्ची ओढून कोटासमोर बसला.

"पुसू का?" तिनं विचारलं. "सकाळी घालायचाय ना तुम्हाला?"

"नको."

"लोक बघतील."

"नको म्हटलं ना."

ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मधे टेबलावर कोट. तिसाच्या वर वर्षं त्यानं एकच गोष्ट चोख केली होती: खांद्यावर हात पडेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि पडला की हलायचं. हात तर पडला होता. संध्याकाळभर पडत होता. पण आता त्याला उठायचं म्हटलं तरी उठता येईना.